आठे वळा, हेमराज मास्तर

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या त्या कापड रंगवायच्या मिलमध्ये हेमराज मास्तरांच्या जिभेला मीटरपेक्षा जास्त मान होता. रंगाच्या टाकीवर तापमानाचा काटा होता, दाबाचा काटा होता, वेळेचं घड्याळ होतं. मास्तर एकाकडेही बघायचे नाहीत. बोट बुडवायचे, जिभेला लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "राघो, आजून चार मिनिटं." अठ्ठावीस वर्षांत ती चार मिनिटं कधी पाच झाली नाहीत. जीभ तेवढी कधी मोरपंखी असायची, कधी राणी कलरची. विमानवाल्यांच्या मेडिकलला डॉक्टरने "आ करा" म्हटलं आणि मास्तरांनी आ केला, तेव्हा पाणी डॉक्टरला आणून द्यावं लागलं.

तर अशा माणसाला पन्नाशीला टेकताना विमान उडवायचं खूळ लागलं. डिंडोलीतल्या घरावर वरचा मजला चढवायचा होता, त्याचे पैसे या खुळात गेले, मजला हवेत गेला. पण मास्तर रविवारी रविवारी विमानतळाच्या कोपऱ्यातल्या क्लबात जाऊन दोन वर्षांत खरंच लायसन्स घेऊन आले. चार माणसांचं, एका पंख्याचं छोटंसं विमान! आवाज अगदी बमरोलीच्या जुन्या लूमसारखा. मास्तर त्यात बसले की दहावीचा निकाल लागलेल्या पोरासारखे दिसायचे.

घोळ झाला जानेवारीत. बायकोला, कलाबाईला, पहिल्यांदा आकाशात न्यायचं ठरलं. कलाबाईने जांभळी साडी नेसली, गजरा माळला, डब्यात शेवभाजी घेतली. मास्तर म्हणाले, "आधी एकटाच एक चक्कर मारी येस, इंजिन तपासस. पाच मिनिट!" ते वर गेले आणि समुद्राकडून धुकं आलं. टॉवरवाले म्हणाले, खाली उतरता येणार नाही, दुसरीकडे जा. मास्तरांना नुसत्या डोळ्यांनी बघून उडवायचं लायसन्स, धुक्यात उतरायचं शिक्षण नाही. ते पार वडोदऱ्याला उतरले आणि संध्याकाळच्या गाडीने उभ्याने परत आले. तोपर्यंत कलाबाईने फाटकाजवळच्या बाकावर बसून निम्मी शेवभाजी वॉचमनला खाऊ घातली होती.

घरी आल्यावर तिने साडी घडी करून पेटीच्या तळाशी घातली.

"आते आयका," ती म्हणाली. "ज्या दिन डोया झाकीसन इमान उतारता यी, त्या दिन मी बससू. तोपर्यंत मी आनि मन्ही रिक्षा."

मास्तरांनी ते शब्दशः घेतलं. दुसऱ्याच दिवशी क्लबात जाऊन त्यांनी डोळे झाकून विमान उतरवायच्या कोर्सला नाव घातलं. त्याला कोर्सवाले काहीतरी लांबलचक म्हणतात, पण काम तेवढंच. डोक्यावर हूड नावाची लांब झडपेची टोपी चढवायची. तिच्याखालून फक्त समोरचे मीटर दिसतात, बाहेरचं जग दिसत नाही. मीटर बघून उडायचं, मीटर बघून वळायचं, मीटर बघून धावपट्टीवर यायचं.

म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर मीटरचं तोंड पाहिलं नाही, त्याला आता मीटरचंच तोंड बघत बसायचं होतं.

शिकवायला तेजस्विनी नावाची सव्वीस वर्षांची मुलगी होती. वडील बँकेत, आई शाळेत, पोरगी थेट कॅप्टन. मास्तर तिला मॅडम म्हणायचे आणि ती मास्तरांना काका. पहिल्याच दिवशी हूड घातल्या घातल्या मास्तर ओरडले, "मॅडम, विमान डावीकडे चाललं!"

"नाही काका. सरळ चाललंय. मीटर बघा."

"मीटर काय बघू? माझी बैठक सांगते ना! डावी बाजू जड लागते."

"काका, तुमच्या बैठकीला लायसन्स नाहीये!"

पण बैठकीचा अभिमान जाईना. पहिल्या परीक्षेला बाहेरून कॅप्टन भाठेना आले. सत्तरीचे पारशी गृहस्थ, खिशात पेपरमिंट, पोटावर पट्टा पुरत नाही. हूडखाली मास्तरांच्या बैठकीने सांगितलं, विमान डावीकडे कललं. मास्तरांनी ते उजवीकडे केलं. विमान सरळच होतं, ते आता खरोखर कललं आणि गोल गोल उतरायला लागलं. भाठेनांनी पेपरमिंट गिळून विमान हातात घेतलं. "डीकरा," ते खाली आल्यावर म्हणाले, "तू तो मने जलेबी बतावी." नापास.

मास्तरांनी मनाला एवढं लावून घेतलं की दुसऱ्या परीक्षेला बैठकीला साफ गप्प बसवलं आणि डोळे एका मीटरवर खिळवले. मधोमध एक गोल मीटर असतो. वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन, मध्ये क्षितिजाची रेघ. तेवढ्याच रेघेकडे मास्तर मांजरासारखे टक लावून बसले. रेघ सरळ होती, विमान सरळ होतं, फक्त ते हळूहळू पाचशे फूट खाली आलं होतं. उंचीच्या मीटरकडे बघायचं राहूनच गेलं. नापास.

"एकाच मीटरशी लग्न लावू नका हो!" तेजस्विनीने कपाळावर हात मारला. "नजर फिरती ठेवा. ह्याच्याकडे, त्याच्याकडे, परत ह्याच्याकडे. आणि काका, क्लबचा नियम माहितीये ना? तिसऱ्यांदा नापास झालात तर सगळं ट्रेनिंग पहिल्यापासून."

ही बातमी घरी पोहोचली. कलाबाई पोळी लाटता लाटता म्हणाली, "पैल्यापासून म्हनजे? तोपर्यंत ती जांभळी साडी झुरळं नेसतीन."

मास्तरांच्या जिवाला ते लागलं. तिसरी परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. तेजस्विनीने घरचा अभ्यास दिला. दिशा पाठ करायच्या, सांगितलेल्या दिशेला झटक्यात वळायचं. दिशा म्हणजे आकडे. उत्तर छत्तीस, पूर्व नऊ, दक्षिण अठरा. खरा आकडा शेवटच्या शून्यासकट बोलतात, पण घरगुती सरावाला तेवढं बस्स.

डिंडोलीच्या आळीत मग रोज सकाळी तमाशा सुरू झाला. हेमराज मास्तर अगाशीवर, डोक्यावर सुताच्या कोनांचा पुठ्ठ्याचा खोका, खोक्याला खालून फट, हातात मोबाइल, मोबाइलवर होकायंत्र. कलाबाई पाण्याच्या टाकीजवळ पाटावर बसून टॉवर झालेली, हातात तेजस्विनीने दिलेला आकड्यांचा कागद.

"सत्तावीस!" कलाबाई ओरडायची.

"सत्तावीस, रॉजर!" खोका वळायचा आणि तुरुतुरु चालायला लागायचा.

"अठरा! आते छत्तीस! पाय उचला, इमान शे का बैलगाडी?"

शेजारच्या अगाश्यांवर माणसं दात घासत उभी राहायची. खालच्या सरलाबाईंनी तर पहिल्याच दिवशी ओळखलं की हे बाहेरचं काहीतरी आहे. त्यांनी जिन्याला लिंबू-मिरची बांधली. मास्तर खोक्यासकट उतरताना ती त्यांच्या नाकाला अडकली.

आणि मग तो एप्रिलचा मंगळवार आला. सरलाबाईंनी अगाशीच्या पूर्वेच्या अर्ध्या भागात जुनं लुगडं पसरून ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे खानदेशी पापड, वाळत घातल्या होत्या. दोन दिवसांचं काम! आंबवणं, शिजवणं, घाटणं, थापणं. ओळीने गोल गोल बिबड्या, जशा काही सगळ्या एकाच मशीनमधून निघालेल्या. कलाबाईने मास्तरांना "छत्तीस" सांगितलं आणि तेवढ्यात फोन वाजला. फोन ठेवून बघते तर खोका उत्तरेच्या कठड्यापासून दोन पावलांवर. कठडा गुडघ्याएवढा. पलीकडे तीन मजले आणि खाली भजीवाला.

आता खानदेशच्या बाईला नवरा कठड्यावरून पडताना दिसला तर ती काय ओरडेल? ती तेच ओरडली.

"आठे! ओ वैभवना बाप, आठे!"

आठे म्हणजे इथे. इकडे या. नंदुरबारच्या पोटातलं पोरसुद्धा सांगेल. पण खोक्यातला माणूस त्या क्षणी नंदुरबारचा नव्हता, वैमानिक होता.

"आठ, रॉजर!" म्हणत मास्तरांनी कठड्यापासून एक झकास उजवं वळण घेतलं. होकायंत्राचा काटा बरोबर आठावर आणून ठेवला. आठ म्हणजे जवळजवळ पूर्व. आणि ते निघाले.

"आठे! व माय, आठे!"

"आठवरच शे मी!"

"अहो आठे नाऽऽ!"

"एक डिग्री बी हाललो नही!"

कर्र, कर्र, कर्र. अठरा बिबड्या. मास्तरांच्या पावलाखाली एक ओळ सरळ गेली, इतकी सरळ की पट्टी लावून तपासावी. सरलाबाई कुरडयांचं पीठ घेऊन वर आल्या, आणि पुढचा पाऊण तास त्यांनी जे सांगितलं त्यात मास्तरांचा, विमानाचा आणि विमान शोधणाऱ्याच्या आईचा उल्लेख होता. मास्तर मात्र खोका काढून होकायंत्र दाखवत होते. "दखा ना बाई! आठच! काय सरळ गयथू मी!"

त्या दिवसापासून कलाबाईने अगाशीवर "आठे" हा शब्द बंद केला. "इकडे" म्हणायचं, पुस्तकातलं. पण मास्तरांच्या पायात तो शब्द रुतून बसला. घरात कलाबाई "आठे दखा" म्हणाली तरी मास्तर पूर्वेला वळायचे. पूर्वेला फ्रिज होता.

वळणं पक्की झाली, पण नजर काही फिरेना. क्लबातल्या सिम्युलेटरवर बसले की मास्तरांचे डोळे परत त्या एकाच क्षितिजाच्या मीटरवर गोंद लावल्यासारखे. परीक्षेला तीन दिवस उरले. मास्तर मिलमध्ये टाकीजवळ गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, जेवले नव्हते. तेवढ्यात राघो एक कापडाचा तुकडा घेऊन आला. राघो मास्तरांचा वीस वर्षांचा जोडीदार, दोघांचं मिळून एक डोकं.

"मास्तर, मोरपंखी. नमुन्याशी जुळला का दखा."

मास्तरांनी सवयीने तुकडा घेतला. ट्यूबलाइटखाली नमुन्याशेजारी धरला. जुळला. दारात जाऊन उन्हात धरला. किंचित हिरवट. ऑफिसातल्या पिवळ्या बल्बखाली धरला. हिरवट. "दोन उजेड सांगतात हिरवा, ट्यूबलाइट एकटीच खोटं बोलते," मास्तर म्हणाले. "निळा वाढव. एका उजेडावर कधी विश्वास..."

ते थांबले. तुकडा हातात तसाच.

"काय झालं?" राघो घाबरला. "जिभेला लावलं का?"

"तीन उजेड!" मास्तर किंचाळले. "अरे राघो, तीन उजेड! मी मूर्ख, मूर्ख, अठ्ठावीस वर्षांचा मूर्ख!" आणि त्यांनी राघोला मिठी मारली. राघोच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर मोरपंखी पंजे उमटले. ते आजतागायत निघालेले नाहीत, कारण मास्तरांचा रंग पक्का असतो.

मीटर म्हणजे उजेड! एकात शेड बघायची, दुसऱ्यात बघायची, तिसऱ्यात बघायची. दोन जुळले आणि एक वेगळा बोलला, तर तो एक खोटा. यात शिकायचं काय? हे तर ते रोज शंभर वेळा करत होते! त्या संध्याकाळी सिम्युलेटरवर मास्तरांची नजर अशी भिरभिरली की तेजस्विनीने विचारलं, "काका, आज काय खाऊन आलात?"

"काही नाही मॅडम. शेड जुळवतोय."

परीक्षेच्या सकाळी सरलाबाई दारात आल्या. राग निवळला होता, पण सांगायची पद्धत तीच. "ह्या घ्या," म्हणून त्यांनी कागदाची पुडी मास्तरांच्या खिशात कोंबली. "तुमच्या पायानं बाद झालेल्या. घरात कोन खाईन? वर भूक लागली तर आपलीच करनी चावा." आत तीन-चार कच्च्या बिबड्या होत्या. एकीवर टाचेचा ठसा स्पष्ट.

कलाबाई क्लबात आली, पण साध्या साडीत. जांभळी पिशवीत होती. मास्तरांनी पिशवी पाहिली.

"नेसी ले ना," ते म्हणाले.

"आधी उतरी दखाडा," ती म्हणाली.

विमान उडालं. भाठेनांनी पेपरमिंट तोंडात टाकलं, मास्तरांना हूड चढवला, आणि जग नाहीसं झालं. उरले सहा गोल मीटर. मास्तरांची नजर फिरायला लागली. उंची, क्षितिज, दिशा. ऊन, ट्यूब, बल्ब. भाठेना दिशा सांगत होते, मास्तर वळत होते. काय वळत होते!

दहा-बारा मिनिटांनी क्षितिजाची रेघ हळूच तिरकी झाली, जणू विमान उजवीकडे कललं.

मास्तरांचे हात सवयीने डावीकडे निघाले. पण दिशेचा काटा म्हणाला, अहो, आता तुम्ही वळताय. वळणाचा मीटर म्हणाला, हो, वळताय, डावीकडे. बैठकीला कुणी विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली, आपण बहुतेक उलटे आहोत. मास्तरांनी बैठकीला गप्प केलं. दोन उजेड जुळले. एक वेगळा. त्यांनी हात सरळ केले आणि छाती फुगवून जाहीर केलं:

"सर, क्षितिजवाल्या मीटरचा रंग फुटला!"

"सूं?"

"खोटं बोलतोय तो. बाकीचे दोघं खरे."

भाठेना पुढे वाकले. चष्मा लावला. मीटरला टिचकी मारली. क्षितिजाची रेघ आणखी आडवीतिडवी होऊन झोपली. "अरे खोदायजी! मेंने कुछ नथी किया, ये तो साचमां मर गया!" ते म्हणाले. त्यांना बाहेर लख्ख ऊन आणि सगळी सुरत दिसत होती, त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं. "परीक्षा बंद करूं? फिर कभी आयेगा?"

फिर कभी. म्हणजे जांभळी साडी परत पेटीत.

"नाही सर! बाकीच्यांवर उतरवतो. फक्त ह्याला झाका, हा डोळा ओढतो."

मेलेला मीटर झाकायला परीक्षकाकडे एक गोल झाकण असतं. भाठेनांनी या खिशात पाहिलं, त्या खिशात पाहिलं. पेपरमिंट निघाले, रुमाल निघाला, बायकोची यादी निघाली. झाकण घरी दुसऱ्या कोटात.

मास्तरांनी एका हाताने खिशातली पुडी काढली. टाचेच्या ठशाची बिबडी निवडली. अठ्ठावीस वर्षं रंग चाखलेल्या जिभेने ती मागून सपकन चाटली आणि मीटरच्या काचेवर दाबून बसवली. काय माप! जणू सरलाबाईंनी मीटर बघूनच थापली होती. आकाश झाकलं, जमीन झाकली, आणि त्या जागी मास्तरांचीच टाच त्यांच्याकडे बघायला लागली.

"आ सूं छे?" भाठेनांचा आवाज चिरकला.

"बिबडी, सर. ज्वारीची."

भाठेनांनी पेपरमिंट दुसऱ्या गालात सरकवलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत या प्रसंगाचा नियम त्यांनी वाचला नव्हता.

धावपट्टीकडे उतरायला सुरुवात झाली. उतरायची वाट दाखवणाऱ्या मीटरमध्ये दोन काटे असतात. एक उभा, एक आडवा. दोन्ही मधोमध एकमेकांना छेदले की विमान बरोबर वाटेवर. मास्तरांना ते काटे कधी काटे वाटलेच नाहीत. ताणा आणि बाणा, मागावरचे उभे-आडवे धागे! ताणा जरा डावीकडे सरकला, मास्तरांनी हलकेच सावरला. बाणा खाली गेला, इंजिन जरा कमी. उंची, दिशा, वेग, परत उंची. कानशिलावरून घाम वाहत होता आणि मास्तर हसत होते, एकटेच, टोपीखाली.

"हूड काढ, डीकरा."

मास्तरांनी हूड काढला. समोर धावपट्टी. बरोबर मधोमध, इस्त्री केलेल्या ताग्यासारखी उलगडलेली. चाकं टेकली तेव्हा भाठेनांच्या तोंडातलं पेपरमिंटसुद्धा हललं नाही.

हँगरसमोर इंजिन बंद झालं. भाठेनांनी कागद मांडीवर घेतला आणि सही केली. "पास. एकदम पास." मग पेन थांबलं. "लेकिन फॉर्ममां लिखना पडेगा, मीटर किससे झाका. स्पेलिंग बोल." मास्तरांनी सांगितलं. भाठेनांनी लिहिलं, मग मीटरवरची बिबडी सोलून काढली, वास घेतला आणि कडकन चावली. "मीठुं बराबर छे," ते म्हणाले.

मास्तर विमानातून उडी मारूनच उतरले. फाटकाजवळ कलाबाई उभी होती. चाकं टेकताच तेजस्विनीने हँगरमधून दोन्ही अंगठे वर केले होते आणि ते पाहून कलाबाईने क्लबच्या बाथरूममध्ये जाऊन कधीच जांभळी साडी नेसली होती! मास्तरांना ती दिसली. ते तिच्याकडे धावत निघाले. कलाबाईलाही राहवेना. तिने दोन्ही हात वर केले आणि अगाशीवर इतके दिवस दाबून ठेवलेला शब्द पोटातून बाहेर आला.

"आठे! आठे या!"

मास्तरांचे पाय जागच्या जागी वळले. शून्य आठ शून्य. होकायंत्राचीही गरज पडली नाही. त्या दिशेला क्लबचे माळी कडेचे दगड रंगवत होते आणि त्यांनी चुन्याची घमेली नुकतीच कालवून ठेवली होती. मास्तर एकात उजव्या पायाने गेले, दुसऱ्यात डाव्या पायाने, आणि मग थांबले.

माळ्यांनी ब्रश खाली ठेवले.

"हाई पास व्हयना?" कलाबाईने तेजस्विनीला विचारलं.

"हो काकू. पहिल्या नंबरात."

"उघडा डोयानं चालता येत नही, आनि झाकेल डोयानं इमान उतारस." तिने पदर खोचला, घमेल्यातून नवऱ्याला ओढून काढलं, त्याचे बूट काढायला लावले आणि क्लबच्या दुसऱ्या विमानाकडे चालायला लागली. "चला. मी बससू म्हन्थू ना? मंग बससू."

मास्तर अनवाणी, गुडघ्यापर्यंत पांढरे, विमान तपासत फिरले. पंखा, तेल, चाकं. कलाबाईला शेजारी बसवलं, पट्टा बांधला, गजरा वाचवून कानावर हेडफोन चढवला. विमान धावलं, उचललं, आणि डिंडोली एका बाजूला कलली. अगाश्या, टाक्या, कुठेतरी एक लुगडं आणि त्यावर गोल गोल ठिपके.

"सरलाबाईन्या बिबड्या!" कलाबाई ओरडली. हेडफोनमध्ये मास्तरांचा कान बधिर झाला. "आते कोठे जावानं?"

मास्तरांनी दिशेच्या मीटरकडे पाहिलं. पूर्वेला, धुरकट निळ्या रेघेपलीकडे नंदुरबार. तिथे तिचं माहेर, त्यांचंही गाव. तेजस्विनीच्या नकाशावर त्यांनी एकदा पट्टी ठेवून पाहिली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. सुरतेवरून सरळ रेघ. शून्य आठ शून्य.

"आठे," ते म्हणाले.

"आठे म्हनजे आठे, का आठ?"

"दोन्ही," म्हणत मास्तरांनी विमान वळवलं. काटा आठावर येऊन थांबला. कलाबाई काचेला नाक लावून बसली होती आणि खाली जे दिसेल ते मोठमोठ्याने सांगत होती.